गल्ल्यावरची दुसरी पाळी

मोठ्या दुकानांच्या साखळीत बिलिंगची यंत्रं एकेक करून बदलत नाहीत. शटर खाली ओढल्यावर एका रात्रीत सगळे काउंटर रिकामे होतात, सकाळी नव्या यंत्रांवर बिलं सुरू होतात आणि उतरवलेली यंत्रं खोक्यांत भरून गोदामात जातात. तिथून लिलाव, लिलावातून घाऊक भंगारवाला, आणि त्याच्याकडून मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीचा परिसर किंवा मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार. दर टप्प्याला किंमत बदलते, यंत्र मात्र तेच राहतं. पंधरा इंची टचचा पडदा, खाली जड धातूचा पाया, मागे पोर्टांची लांब रांग. आत बहुतेक वेळा पंखाच नसतो, त्यामुळे आवाज नाही आणि धूळ ओढणंही नाही.

ही यंत्रं का उतरवली, असं विचारलं तर उत्तर क्वचितच यंत्रात सापडतं. विंडोज एक्सपीवर उभी असलेली ‘पॉसरेडी २००९’ ही खास गल्ल्यासाठीची आवृत्ती ९ एप्रिल २०१९ला आधाराबाहेर गेली. विंडोज ७वर आधारलेली ‘पॉसरेडी ७’ १२ ऑक्टोबर २०२१ला. सर्वसाधारण विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. गल्ल्यावरच्या यंत्रांत सर्रास आढळणारा इंटेलचा सेलेरॉन जे१९०० हा २०१३ सालचा प्रोसेसर त्या यादीत नाही. म्हणजे आदल्या संध्याकाळपर्यंत शंभर गिऱ्हाइकांची बिलं काढणारं यंत्र दुसऱ्या दिवशी कागदोपत्री निकामी ठरतं. पडदा चालतो, बोर्ड चालतो, बटणं चालतात. आधार देणाऱ्यांनी हात काढून घेतलेला असतो, एवढंच.

मोठ्या साखळीने ती काढावीत हे मला पटतं. तिच्या जाळ्याला शेकडो काउंटर जोडलेले असतात आणि आधार नसलेलं एक यंत्र सगळ्यांना धोक्यात घालू शकतं. पण गावातली बेकरी, दोन टेबलांचं मिसळचं हॉटेल, औषधं आणि किराणा एकत्र ठेवणारं कोपऱ्यावरचं दुकान यांची गरज निराळी आहे. त्यांना हवं असतं दिवसातून दीड-दोनशे बिलं नीट निघणं, गल्ला वेळेवर उघडणं, रात्री हिशेब जुळणं. त्यासाठी दहा वर्षांपूर्वीचं यंत्र पुरून उरतं. अट एवढीच, की जुनं शरीर घ्यावं आणि आतली जुनी व्यवस्था पूर्ण काढून टाकावी. नवी जी बसवायची तिची किल्ली दुकानदाराच्या खिशात असावी. या लेखात मी जे सांगणार आहे ते सगळं याच अटीच्या आसपास फिरतं.

गल्ल्यावरचं यंत्र आणि घरातला संगणक यांत आतून फार फरक नसतो. बाहेरून जोडायच्या गोष्टी मात्र खास असतात, आणि जुन्या यंत्राची खरी किंमत तिथे आहे. बारकोड वाचणारं यंत्र संगणकाला कीबोर्डच वाटतं. ते तेरा आकडे वाचतं, टाईप केल्यासारखे पाठवतं आणि एंटर दाबतं. त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणून जुना स्कॅनर नव्या कुठल्याही व्यवस्थेला चालतो. गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभा असलेला हिरव्या-निळ्या अक्षरांचा छोटा फलक बहुधा वीस अक्षरांच्या दोन ओळींचा असतो आणि साध्या सीरियल तारेवर चालतो. पैशांचा ड्रॉवर तर बहुधा संगणकाला जोडलेलाच नसतो. त्याची तार प्रिंटरमध्ये जाते. संगणक प्रिंटरला पाच बाइटची एक आज्ञा पाठवतो, प्रिंटर २४ व्होल्टचा क्षणभराचा झटका देतो, आतलं विद्युतचुंबक खीळ ओढतं आणि ड्रॉवर पुढे येतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या ड्रॉवरला आजही तोच झटका पुरतो. या तारेचं टोक टेलिफोनच्या तारेसारखं दिसतं. घरातली फोनची तार तिथे आणि तिथली तार फोनला लावायचा मोह मात्र कुणी करू नये. दिसायला सारखं असलं तरी आतून वाहणारं काही सारखं नाही.

प्रिंटरची भाषाही टिकून आहे. एप्सन या जपानी कंपनीने घडवलेली ‘ईएससी/पीओएस’ ही आज्ञांची पद्धत पुढे बाकीच्या कंपन्यांनीही उचलली. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या प्रिंटरला सांगायची ‘कागद काप’ ही आज्ञा आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त प्रिंटरलाही बहुधा कळते. संगणकाच्या दुनियेत इतकं जुनं आणि तरीही जिवंत असं फार थोडं उरलं आहे.

थर्मल प्रिंटरचं आयुष्य उत्पादक कागदाच्या लांबीत सांगतात. चांगल्या प्रिंटरचं हेड शंभर-दीडशे किलोमीटर कागदासाठी बनवलेलं असतं. पंधरा सेंटिमीटरचं एक बिल धरलं तर शंभर किलोमीटरमध्ये साडेसहा लाखांहून जास्त बिलं होतात. रोज दोनशे बिलं काढणाऱ्या दुकानाला ती नऊ वर्षं पुरतात. मॉलमध्ये राबलेल्या प्रिंटरचं अर्धं आयुष्य तिथेच गेलं असलं, तरी उरलेलं अर्धं लहान दुकानाला चार-पाच वर्षं देतं. काही प्रिंटर चाचणीच्या पट्टीवर आजवर किती कागद गेला आणि कटर किती वेळा चालला हे स्वतःच छापून दाखवतात. कागद घालण्याचं बटण दाबून ठेवून प्रिंटर चालू केला की ही पट्टी निघते. जुना प्रिंटर घेताना ती पट्टी काढून पाहण्यात दोन मिनिटंही जात नाहीत. पट्टीवर उभी पांढरी रेघ दिसली तर त्या जागचा ठिपका मेला आहे. एखादी रेघ चालून जाते, पण ती जर नेमकी रकमेच्या रकान्यातून जात असेल तर तो प्रिंटर परत ठेवावा.

साताऱ्याच्या बाजूला एका बेकरीत असं यंत्र बसताना मी पाहिलं. नाव देत नाही. सासू आणि सून काउंटर सांभाळतात, मुलगा भट्टीवर असतो. आधी कार्बनचं बिलबुक आणि कॅल्क्युलेटर होतं. गावातच संगणक दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने पुण्याहून एक जुनं टर्मिनल, त्याचा तीन इंची प्रिंटर आणि ड्रॉवर आणला होता. नव्या टच टर्मिनलची जी किंमत त्यांना सांगितली गेली होती, तिच्या तिसऱ्या हिश्शातच हे सगळं, नवी एसएसडी धरून, बसलं.

तो ज्या क्रमाने यंत्र तपासत होता तो क्रम मला महत्त्वाचा वाटला. सगळ्यात आधी त्याने अडॅप्टर पाहिला. बाजारात यंत्र आणि अडॅप्टर बऱ्याचदा वेगवेगळ्या ढिगांत असतात. एखादं टर्मिनल १२ व्होल्टवर चालतं, एखादं १९वर, एखादं २४वर, आणि पिना मात्र एकमेकींत बसतात. चुकीचा अडॅप्टर लागला की बोर्ड जागच्या जागी जातो. मग मागचे पोर्ट. त्यात एक लाल रंगाचा, नेहमीच्या यूएसबीपेक्षा उंच पोर्ट होता. तो २४ व्होल्टचा खास यूएसबी. आयबीएम आणि इतर काही कंपन्यांनी गल्ल्यासाठी ही पद्धत नव्वदीच्या अखेरीस काढली, म्हणजे प्रिंटरला वेगळा सप्लाय लागू नये. निळसर हिरवा असेल तर १२ व्होल्ट. त्याहून फसवा प्रकार सीरियल पोर्टचा. गल्ल्यावरच्या यंत्रांत त्याच्या नवव्या पिनवर कधी ५ तर कधी १२ व्होल्ट सोडलेले असतात, कारण छोटा फलक त्याच तारेतून वीज घेतो. बाहेरून काही दिसत नाही. ही वीज चालू की बंद हे आतल्या बोर्डावरच्या जंपरवर ठरतं. त्याने आधी मीटर लावून मोजलं, जंपर बदलला, मगच तार जोडली.

झाकण उघडल्यावर आत काय बदलायचं हे ठरलेलंच होतं. फिरणारी हार्ड डिस्क काढून १२० जीबीची एसएसडी. यंत्राचा वेग जर कशाने बदलत असेल तर याने. नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी नवी. ती संपलेली असली की यंत्र चालू करताना तारीख मागे जाते आणि बिलावर भलतंच वर्ष छापलं जातं. मेमरी दोनची चार जीबी केली. जे१९००ला १.३५ व्होल्टची कमी दाबाची डीडीआर३एल मेमरीच लागते. १.५ व्होल्टची जुनी पट्टी खाचेत बसते, पण यंत्र बहुधा उठतच नाही आणि बोर्डच गेला असं वाटून लोक चांगलं यंत्र भंगारात देतात. शेवटी पडद्याची कडा, जिथे मागच्या दुकानातला मळ घट्ट बसला होता, ती त्याने कापूस आणि अल्कोहोलने साफ केली.

पडदा पाहून सुनेने शंका काढली. तिचे हात पिठाचे होते. “भाऊ, एवढ्या पिठाने हे बिघडणार नाही ना?” तो म्हणाला, “वहिनी, हात पुसू नका, तसंच दाबा. आपल्याला तेच बघायचंय.” पडद्याने ऐकलं. हा जुना, दाबावर चालणारा पडदा होता. मोबाइलवरचा पडदा बोटाच्या विजेवर चालतो, त्यामुळे पीठ, तेल किंवा हातमोजा मध्ये आला की तो गडबडतो. जुन्या पडद्यावर दोन थर दाबाने एकमेकांना टेकले की झालं. बेकरीत, मिठाईच्या दुकानात, वडापावच्या गाडीवर हा जुना प्रकार जास्त सोयीचा पडतो. बोटाची जागा सरकत असेल तर चार कोपऱ्यांवर दाबून ती पुन्हा जुळवून घेता येते.

प्रोसेसरच्या बाबतीत एक इशारा द्यायला हवा, कारण त्याने त्या तरुणालाही पूर्वी सतावलं होतं. ॲटम डी२५५० आणि त्याच्या भावंडांतला चित्रांचा भाग इंटेलने बाहेरून, पॉवरव्हीआरकडून घेतलेला होता. त्याला लिनक्सवर धड ड्रायव्हर कधी मिळाला नाही. पडदा संथ, कधी चुकीच्या मापाचा. त्याच्या आधीचा २०१० सालचा डी५२५ याहून बरा वागतो. जे१९००वर लिनक्स टाकलं की काही यंत्रं मध्येच थिजतात, प्रोसेसर खोल झोपेत जातो आणि परत येत नाही. सुरुवातीच्या आज्ञेत त्याला तेवढ्या खोल जाऊ न देणारी एक ओळ घातली की बहुतेक वेळा हा प्रश्न मिटतो. थोडी वीज जास्त लागते, पण हा प्रोसेसर मुळात दहा वॉटच्या मर्यादेचा. पडद्यासकट तीस वॉट धरले आणि दुकान बारा तास चाललं, तर महिन्याला अकरा युनिटच्या आतबाहेर.

बेकरीत डेबियन लिनक्स बसलं. यंत्र चालू केलं की ब्राउझर पूर्ण पडद्यावर उघडतो आणि त्यात बिलाचं पान. पाव, खारी, नानकटाई, टोस्ट अशी मोठी बटणं. दुसरं काही उघडताच येत नाही. सासूबाईंना संगणक येत नाही, आणि तो यावा लागला नाही.

आता मराठीकडे येतो. २०२२मध्ये कायदा बदलल्यापासून महाराष्ट्रात लहानातल्या लहान दुकानालाही मराठी पाटी सक्तीची आहे. त्याच दुकानातून गिऱ्हाइकाच्या हातात पडणारं बिल मात्र बहुधा इंग्रजी असतं, आणि त्यातही ‘खारी’चं स्पेलिंग तीन बिलांवर तीन तऱ्हांचं. प्रिंटरला मराठी जमत नाही, असं याचं कारण सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. थर्मल प्रिंटरच्या पोटात अक्षरांचे साचे आधीच भरलेले असतात. रोमन, जपानी, सिरिलिक वगैरे. देवनागरीचे साचे बहुतेकांत नसतात, आणि असते तरी पुरले नसते, कारण आपली लिपी एकापुढे एक चौकोन मांडून होत नाही. मात्रा वर जाते, उकार खाली येतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते, जोडाक्षर आकार बदलतं. हे जुळवण्याचं काम प्रिंटरकडून होत नाही, संगणकाकडून होतं.

हा प्रश्न नवा नाही आणि पहिलं मोठं उत्तरही इकडूनच गेलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्यात १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने वाढवलं. डॉसच्या काळात संगणकात जिस्टचं कार्ड घातलं की पडद्यावर आणि ठिपक्यांच्या प्रिंटरवर देवनागरी उमटत असे. १९९१ला भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानकही ठरलं. त्या काळी जे खास कार्ड घालून करावं लागत होतं, ते आज फुकट मिळणाऱ्या फाँटने आणि दोन-चार ओळींच्या प्रोग्रॅमने होतं. दुकानांच्या बिलांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

रीत अशी, की मराठी ओळ संगणकाने चित्र म्हणून तयार करायची आणि प्रिंटरला ठिपक्यांच्या रूपात द्यायची. सर्वसाधारण तीन इंची प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके उठवतो आणि ७२ मिलिमीटर रुंदीवर छापतो, म्हणजे ओळीला ५७६ ठिपके. दोन इंची प्रिंटरवर ३८४. आठ ठिपक्यांचा एक बाइट धरला तर तीन इंची कागदाच्या एका ठिपके-ओळीला ७२ बाइट लागतात, आणि पंधरा सेंटिमीटरच्या बिलात अशा १२०० ओळी. गुणाकार ८६,४०० बाइटवर जातो. हेच बिल रोमन अक्षरांत पाठवलं तर दोन हजार बाइटही पुष्कळ झाले.

जुन्या यंत्रावर मराठी बिल घेताना अडचण येते ती याच गुणाकारामुळे. जुना प्रिंटर सीरियल तारेवर ९६०० बॉडच्या वेगाने जोडलेला असेल, तर सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात. रोमन बिल दोन सेकंदांत निघतं, मराठी बिलाला दीड मिनिट लागतं. गिऱ्हाईक उभं असताना दीड मिनिट फार होतं. मग दुकानदार कंटाळून इंग्रजीवर जातो आणि दोष मराठीला लागतो. प्रिंटरच्या आतल्या बारीक बटणांनी वेग १,१५,२०० बॉडवर नेता आला तर तेच काम आठ सेकंदांच्या आत होतं. यूएसबी किंवा नेटवर्कच्या तारेवर तर प्रश्नच उरत नाही. म्हणून जुना प्रिंटर घेताना मराठी बिल हवं असेल तर यूएसबी किंवा नेटवर्कचाच घ्यावा. बऱ्याच प्रिंटरमध्ये मागचं जोडणीचं कार्ड दोन स्क्रू काढून बदलताही येतं.

बेकरीतल्या तरुणाने आणखी एक काम केलं. दुकानाचं नाव, पत्ता आणि खालचं ‘पुन्हा या’ ही चित्रं त्याने प्रिंटरच्या कायमच्या स्मृतीत एकदाच भरून ठेवली. आता दर बिलाला ती पाठवावी लागत नाहीत, प्रिंटरला नुसतं ‘पहिलं चित्र छाप’ म्हटलं की पुरतं. मधल्या फक्त मालाच्या ओळी चित्र होऊन जातात. आकडे आणि रकमा प्रिंटरच्या स्वतःच्या साच्यांतून, त्यामुळे रकाने सरळ राहतात.

अक्षराच्या मापावर मात्र बराच वेळ गेला. रोमन अक्षराची ठरलेली उंची चोवीस ठिपके, म्हणजे तीन मिलिमीटर. त्यात ‘बिस्किट’ मावतं, ‘क्रीमरोल’ मावतं, पण ‘टुटीफ्रुटी’ आलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांच्या जागेत घुसतात. बत्तीस ठिपके केल्यावर ओळ मोकळी झाली. फाँटही पातळ घेऊन चालत नाही, कारण एकच ठिपका जाडीची रेघ थर्मल कागदावर तुटते. गूगलचा ‘नोटो’ किंवा मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’, दोन्ही मुक्त परवान्याचे, ठळक वजनात घेतले की सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल असं बिल निघालं. त्यांनी पहिलं बिल हातात घेऊन सगळं वाचलं आणि ‘टोस्ट मोठा’ असा वेगळा माल घालायला सांगितला. यंत्र आपलं झाल्याची ही मला सगळ्यात खात्रीची खूण वाटली.

सॉफ्टवेअर निवडताना दुकानदार आधी पडद्याचा देखणेपणा पाहतो. मी म्हणेन, आधी दर बदलून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा केक, पेस्ट्री आणि बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. साधा पाव आधीपासून करमुक्त होता, टोस्ट ५ टक्क्यांवर होता. ज्यांच्या हातात दराची किल्ली होती त्यांनी आदल्या रात्री आकडे बदलले. ज्यांचं बिलिंग विक्रेत्याच्या कुलपात होतं, त्यांना त्याच्या माणसाची वाट पाहावी लागली किंवा वार्षिक शुल्काचं नूतनीकरण आधी करावं लागलं. पाच टक्क्यांची ओळ दुकानदाराला स्वतः बदलता येत नसेल तर ते यंत्र त्याच्या मालकीचं नाही, मग ते नवं असो वा जुनं.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पर्याय आहेत. मुंबईतल्या फ्रॅपे या कंपनीने घडवलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये गल्ल्याचं पान आहे, भारतीय करांची सोयही जोडता येते. ते लहान बेकरीला मोठं वाटू शकतं आणि ते टर्मिनलवरच चालवण्यापेक्षा दुसऱ्या संगणकावर ठेवून ब्राउझरमधून वापरावं. युनिसेंटा हे जुनं, ओपनब्राव्होपासून फुटून निघालेलं सॉफ्टवेअर थेट टर्मिनलवर चालतं. ज्याला थोडा पायथन येतो त्याला ईएससी/पीओएसची तयार लायब्ररी घेऊन स्वतःचं छोटं बिलिंगही करता येतं, आणि बेकरीत तेच झालं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानाचं काम आणखी सोपं. त्याने बिलावर कर लावायचाच नसतो, ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं असतं आणि आपण कंपोझिशनमध्ये आहोत हे त्यावर लिहायचं असतं.

थर्मल कागदाचा एक धोका मात्र जुन्या-नव्या सगळ्याच यंत्रांना आहे. उन्हात, गाडीच्या काचेमागे, प्लॅस्टिकच्या पाकिटात तो कागद काही महिन्यांत कोरा होतो. जीएसटी कायद्याने हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची आहेत. म्हणजे खरी वही संगणकातली. लक्ष्मीपूजनाला आता वह्यांशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागतं, ते मला योग्यच वाटतं, पण वही जपण्याची सवय संगणकाला अजून लागलेली नाही. रात्री गल्ला बंद करताना त्या दिवसाचा हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवावा, पेन ड्राइव्ह दोन असावेत, आणि त्यातला एक घरी असावा. जुन्या यंत्राबाबत हे दुप्पट खरं, कारण त्याचा बोर्ड कधी जाईल हे कुणी सांगू शकत नाही.

घेऊ नये अशाही काही गोष्टी ढिगात असतात. कार्ड घासायची मशीन, म्हणजे ईडीसी, चुकूनही नको. ती सहसा बँकेची किंवा तिच्या कंपनीची मालमत्ता असते, आणि झाकण उघडलं की आतल्या गुप्त किल्ल्या आपोआप पुसल्या जातील अशीच तिची रचना असते. टर्मिनलच्या बाजूला असलेली कार्ड ओढायची खाच आता कार्डाच्या कामाची नाही, ती तशीच राहू द्यावी. यूपीआयला यातलं काहीच लागत नाही. बिलावर रकमेसकट क्यूआर छापला की झालं, आणि हे जुना प्रिंटरही करू शकतो, चित्र म्हणून. वजनकाटा जुना घेणार असाल तर त्याचं सील आणि वैधमापन विभागाचा शिक्का पाहा. काट्याची तार संगणकाला जोडायला हरकत नाही, सील तोडून आत हात घालू नये.

आणि आतली जुनी डिस्क. २०१४मध्ये एचपीच्या एका सुरक्षा-संशोधकाने ईबेवरून दोनशे डॉलरला एक वापरलेलं गल्ल्याचं टर्मिनल विकत घेतलं. त्यात आधीच्या हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांची नावं, पत्ते, सामाजिक सुरक्षा क्रमांक तसेच पडलेले होते. आपल्याकडच्या डिस्कांवर गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक असतात, कारण दोन रुमाल घेतले तरी काउंटरवर नंबर विचारला जातो. नुसतं फॉरमॅट मारून ते जात नाहीत. ती डिस्क पूर्ण पुसावी किंवा मोडावी, आणि कुतूहलापोटीही आत डोकावू नये.

लहान धंद्याने जुन्या यंत्रावर उभं राहणं हे गरिबीचं लक्षण आहे असं मानणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्राउन्सबर्ग गावी हिलिगॉस बेकरी आहे. तिच्या काउंटरवर १९८२ सालचे कमोडोर ६४ संगणक गल्ल्याचं काम करत होते, आणि २०२१च्या सुमारास त्यांचे फोटो जगभर फिरले. आणि ज्याला आपण आज टचचं बिलिंग म्हणतो ते जीन मोशर या हॉटेलवाल्याने १९८६मध्ये अटारीच्या घरगुती संगणकावर उभं केलं आणि लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात दाखवलं. रंगीत पडदा, बोटाने दाबायची बटणं. त्याचं ‘व्ह्यूटच’ पुढे मुक्त झालं. गल्ल्याचं यंत्र सुरुवातीपासून असंच घडलं आहे. दुकान चालवणाऱ्याने हाताशी असलेला संगणक घेतला आणि आपल्या कामाला वळवला.

आपल्याकडे २०२२च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३पासून लागू झाले, जुनी यंत्रं नीट करून पुन्हा विकणाऱ्याला स्वतंत्र ओळख दिली आहे. त्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आणि मोठ्या वापरकर्त्यांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत हातांतच द्यायचा असतो. ही चौकट चांगली आहे. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात नोंदलेलं आहे. पण चौकटीतून यंत्र बाहेर पडतं तेव्हा ते कुठल्या अवस्थेत पडतं, हे नियम सांगत नाहीत. जुन्या बाजारात मी पाहिलेल्या ढिगात निम्मी टर्मिनलं अडॅप्टरशिवाय होती. काहींना बायोसचा पासवर्ड होता आणि तो ज्याला माहीत, तो माणूस साखळीच्या कुठल्यातरी मुख्य कार्यालयात. काहींच्या डिस्का घाईत उपटताना तारांची टोकं तुटलेली.

म्हणून मोठ्या दुकानांच्या संगणक विभागांना माझं मागणं आहे. यंत्रं उतरवाल तेव्हा डिस्क स्वतः पुसा आणि स्क्रू काढून सोडवा, तार ओढू नका. बायोसचा पासवर्ड काढून टाका. अडॅप्टर ज्या यंत्राचा त्यालाच बांधून ठेवा आणि नवव्या पिनवर वीज सोडलेली असेल तर मागे एक चिठ्ठी चिकटवा. एका टर्मिनलमागे यात पाच मिनिटं जातील. ती गेली नाहीत तर साताऱ्याच्या त्या तरुणासारख्या कुणालातरी मीटर घेऊन अर्धा दिवस बसावं लागतं, किंवा बोर्ड जाळून यंत्र तोडायला द्यावं लागतं. त्याच्याकडे सध्या आणखी दोन टर्मिनलं आली आहेत, एक औषधाच्या दुकानासाठी आणि एक रोपवाटिकेसाठी. दोन्हींना अडॅप्टर नाही.